टॉरी पाइन्सच्या टी-टाइमचं अर्थकारण

टॉरी पाइन्सच्या पार्किंगमध्ये पहाटे गेलं की गाड्यांच्या काचांवर आतून वाफ धरलेली दिसते. आत माणसं झोपलेली असतात. सकाळचे पहिले काही टी-टाइम, म्हणजे फेरी सुरू करायच्या ठरलेल्या वेळा, आगाऊ नोंदणीविना, आधी येईल त्याला आधी या नियमानं मिळतात, त्यासाठी ही रात्रभराची रांग. समुद्राच्या कड्यावरचं, टीव्हीवर जगानं पाहिलेलं हे गोल्फ मैदान सॅन डिएगो शहराच्या मालकीचं आहे. त्यामुळे इथल्या रहिवाशाला साउथ कोर्सवरची फेरी परगावच्या पाहुण्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात पडते. पाहुणा दोनशे डॉलरच्या वर मोजतो.

आपल्याकडे गोल्फ म्हटलं की क्लबचं फाटक, सभासदत्व आणि आत सोडणारा पहारेकरी डोळ्यांपुढे येतो. खारघरला सिडकोनं उभारलेलं मैदान हा एक अपवाद. अमेरिकेत मात्र नगरपालिकेचं गोल्फ मैदान ही ग्रंथालयाइतकी रुळलेली गोष्ट आहे. टॉरी पाइन्सच्या जागी दुसऱ्या महायुद्धात लष्कराची तोफखान्याची छावणी होती. तिथं 1957 मध्ये नॉर्थ आणि साउथ असे अठरा होलचे दोन कोर्स सुरू झाले.

शहर हा सगळा व्यवहार स्वतंत्र निधीतून चालवतं. टॉरी पाइन्स, बाल्बोआ पार्क आणि मिशन बे या तिन्ही मैदानांची कमाई एका निधीत जमा होते आणि खर्चही त्यातूनच भागतो. करदात्याच्या पैशातून गवत कापलं जात नाही. उलट जागा वापरल्याबद्दल हा निधीच शहराच्या तिजोरीत रक्कम भरतो. मला ही पद्धत मनापासून पटते. बागेच्या आणि रस्त्याच्या पैशाला गोल्फनं हात लावू नये, आणि गोल्फच्या पैशावर दुसऱ्या कुणी डोळा ठेवू नये.

कमाईचं मूळ स्टार्टरच्या, म्हणजे गटांना खेळायला सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, खिडकीशी कळतं. समजा, दर दहा मिनिटांनी चौघांचा गट पहिल्या टीवरून निघाला, तर तासाला चोवीस माणसं होतात. मे-जूनमध्ये समुद्रावरून दाट धुकं आलं आणि तासभर चेंडू दिसेनासा झाला, की त्या चोवीस फेऱ्या गेल्या. सुटलेल्या एसटीतली रिकामी जागा नंतर विकता येत नाही. म्हणून स्टार्टरची नजर सतत टी-टाइमच्या यादीवर असते. तिघांच्या गटात एकट्या आलेल्याला घुसवायचं, रेंगाळणाऱ्यांना हलवायचं, चौथा उशिरा आला तर त्याला गाठायला कार्ट द्यायची. उतरत्या उन्हाच्या वेळा कमी दरात विकायच्या, कारण अंधारापूर्वी अठरा होल पुरे होतील याची खात्री नसते. मी खिडकीशेजारच्या बाकावर बसून हे पाहत राहतो. इथं विकला जातो तो दिवसाचा उजेड.

खर्च मात्र धुकं पाहून थांबत नाही. उजाडण्यापूर्वीच कामगार मैदानात उतरलेले असतात. ग्रीनवरचं, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरचं, दव झटकायचं, गवत काही मिलिमीटरवर आणायचं, जुना कप उपटून नव्या जागी बसवायचा, जुन्या भोकात मातीची चकती घट्ट दाबायची. साउथच्या ग्रीनवर पोआ ॲनुआ हे गवत असतं. खरं तर ते तणच, वसंतात तुरे धरतं आणि दुपारपर्यंत पृष्ठभाग खडबडीत करतं. रफमधलं, म्हणजे कडेच्या वाढलेल्या भागातलं, किकुयू गवत मूळचं पूर्व आफ्रिकेतलं. ते सरपटत कुठंही शिरतं. दोघांना आपापल्या हद्दीत ठेवण्यात सगळी मजुरी मुरते.

त्यात पाणी. सॅन डिएगोला पाणी मुख्यत्वे दुरून, कोलोरॅडो नदीसारख्या स्रोतांतून आणावं लागतं. म्हणून मैदानाची भिस्त शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर आहे. त्यात मीठ जास्त, ते मुळांशी साचतं, मग भरपूर पाणी देऊन ते खाली ढकलावं लागतं. आणि खरा मोठा खर्च जमिनीखाली असतो. सिंचनाचे पाइप दोन-तीन दशकांत थकतात आणि बदलायला लाखो डॉलर लागतात. 2016 मध्ये टॉम वाइस्कॉफच्या आराखड्यानुसार नॉर्थ कोर्स नव्यानं घडवला, तेव्हा तो महिनोन् महिने बंद होता. त्या काळात त्याची कमाई शून्य. अशा दिवसांसाठी आधीपासून शिल्लक टाकली नसेल, तर चांगलं मैदान काही वर्षांत उजाड होतं.

पाहुणा एवढे पैसे का मोजतो? 2008 च्या यूएस ओपनमध्ये पायाच्या हाडाला तडे गेलेले असताना टायगर वूड्सनं साउथच्या अठराव्या ग्रीनवर पट, म्हणजे चेंडू भोकात ढकलणारा हलका टोला, मारून बरोबरी साधली आणि दुसऱ्या दिवशी प्लेऑफ जिंकला. 2021 च्या यूएस ओपनमध्ये जॉन राम इथंच जिंकला. पुरुषांची व्यावसायिक स्पर्धा तर 1968 पासून इथं भरते. स्पर्धेच्या दिवसांत सामान्य खेळाडूला साउथ बंद असतो, पण पुढं वर्षभर लोक त्याच ग्रीनवर पट करायला विमानानं येतात.

तणाव इथूनच सुरू होतो. पाहुण्यांना कितीतरी आठवडे आधी, जादा शुल्क देऊन नोंदणी करता येते. स्थानिकाला आठवडाभर आधी. शेजारच्या हॉटेलांच्या पाहुण्यांसाठीही काही वेळा राखून ठेवलेल्या असतात. लॉस एंजेलिसमध्ये तर दलाल शहराच्या मैदानांचे टी-टाइम झपाट्यानं उचलून चढ्या दरानं विकू लागले, तेव्हा 2024 मध्ये तिथल्या उद्यान विभागाला माणशी दहा डॉलरची, परत न मिळणारी अनामत लावून पाहावी लागली. फुकट अडवता येणारी मौल्यवान वस्तू कुणीतरी अडवणारच. मला तो उपाय योग्य वाटतो.

माझ्या लेखी या निधीचं सगळ्यात मोलाचं काम टॉरी पाइन्सवर दिसतच नाही. ते मिशन बेला दिसतं. तिथं आखूड होलचा कोर्स आहे आणि रात्री दिवे लागतात. शाळेतली मुलं, कामावरून परतलेली माणसं, गुडघे दुखणारे आजोबा तिथं खेळतात. त्या दिव्यांचं बिल एकट्या मिशन बेच्या तिकिटांवर सोडलं, तर पहिली गदा स्वस्त दरावर येईल. म्हणून दर ठरवायची वेळ येते तेव्हा माझं मागणं तीनच गोष्टींचं असतं: पाइपची रक्कम आधी बाजूला काढा, वाढ करायचीच तर परगावच्या दरात करा, आणि मिशन बेचं व बाल्बोआच्या नऊ होलच्या कोर्सचं तिकीट शेवटी वाढवा.