केडगावचे मुक्ती चर्च

वरवंडहून सोलापूर रस्त्याने पुण्याकडे निघाले की चौफुला लागतो. तिथून उजवीकडे वळल्यावर केडगाव. दौंड मार्गावरच्या या स्टेशनाच्या गावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे आणि मिशनच्या आवारात चर्च.  या चर्चची ओळख दुष्काळापासून सुरू होते.

रमाबाईंनी उपासमार जवळून पाहिली होती. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात, तीर्थयात्रेच्या वाटेवर, त्यांचे आईवडील गेले. आई लक्ष्मीबाईंनी शिकवलेले संस्कृत सोबत उरले. त्याच विद्येने पुढे कलकत्त्यात त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवून दिल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, ते पुढच्याच वर्षी पुण्यात आले. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात हिंडून रमाबाईंनी भुकेल्या मुली-बायका गोळा केल्या आणि केडगावच्या माळावर आणल्या. १९०० पर्यंत इथे दीड हजारांचा संसार मांडला गेला होता.

एवढ्या जणींना नुसते जेवू घालून भागणार नव्हते. शेती, गुरे, हातमाग, छापखाना अशी कामे उभी राहिली आणि बायकाच ती चालवू लागल्या. अंध मुलींनाही वाचन आणि हस्तकला शिकवली गेली. प्रार्थना आणि पोटापाण्याचे काम एकाच आवारात चाले.

सगळ्यांत मोठे काम छापखान्यातले. खेड्यातल्या बाईलाही समजावे अशा सोप्या मराठीत बायबल हवे, म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून भाषांतराला बसल्या. खिळे जुळवायला मिशनमधल्याच बायका होत्या. १९२१ साली एकुलती लेक मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई केडगावातच वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले.

म्हणून इथे येणाऱ्याने चर्च पाहून लगेच परतू नये. या आवाराचा इतिहास समजून घ्यावा. महाराष्ट्रात देवाच्या नावाने पुष्कळ बांधले गेले. पण निराधार बाईला आसरा, अक्षरे आणि हाताला काम ही तिन्ही एकत्र देणारी जागा एका बाईने उभी केली, हे केडगावचे मोठेपण आहे.