रात्रीची लाईट, तुटलेली झोप अन् डोक्यातलं टेन्शन : घरी काय करता येतं, दवाखाना कधी गाठायचा?

ग्रामीण प्रतिनिधी

२०२५ चा सप्टेंबर महिना आपल्या मराठवाड्यात कुणाला नव्यानं सांगायला नको. कुणाची माती खरवडून गेली, कुणाची विहीर गाळानं बुजली. माझं चार एकर सोयाबीन दहा दिवस पाण्यात उभं होतं. पुढं उसनवारी करून हरभरा पेरला. आता त्याला पाणी द्यायचं, तर आमच्या फिडरला एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात साडेदहाला मोटर चालू करायची, दोनला उठून स्प्रिंकलरचे पाईप बदलायचे, सापकिरडूची भीती वेगळीच. पहाटे येऊन पडावं तर धारा काढायची वेळ.

डिसेंबर संपता संपता अशी गत झाली की दिवसाची लाईट असली तरी रात्री दोनला डोळे टक्क उघडायचे. मग पत्र्याकडं बघत हिशोब. सोसायटीचं कर्ज, दुकानदाराची उधारी, पोरीची फी. सकाळी डोकं गच्च. कुणी दोन शब्द बोललं की अंगावर जायचो. घरच्या मंडळींनी तर बोलणंच कमी केलं होतं.

एक दिवस आशाताई बाळाच्या लसीकरणाची यादी घेऊन शेजारी आल्या होत्या. जाता जाता मला म्हणाल्या, "दादा, झोप लागती का? जेवण जातं का? कामात मन रमतं का?" मी हसण्यावारी नेलं. लोकांच्या अडचणीच्या बातम्या लिहिणारा माणूस मी, मला काय धाड भरलीय! पण ताई हटल्या नाहीत. त्यांच्याकडं नऊ प्रश्नांचा एक कागद असतो. मागच्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, किती दिवस झोप बिघडली, थकवा किती, स्वतःबद्दल वाईट वाटतं का, असं एकेक विचारतात आणि उत्तराला गुण देतात. मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी शासनानं प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आशाताईंना हे काम दिलेलं आहे. माझे गुण फार नव्हते, पण दुर्लक्ष करण्याइतके कमीही नव्हते. तिथून मी डॉक्टरांना विचारत गेलो, वाचत गेलो. मी काही डॉक्टर नाही, बारावी शिकलेला शेतकरी आहे. जे कळलं आणि करून बघितलं ते आपल्या वाचकांसाठी लिहितो.

आधी झोपेचं बघा

टेन्शनमुळं झोप जाते हे सगळ्यांना माहीत आहे. उलटं मात्र लक्षात येत नाही, की झोप गेल्यामुळंही टेन्शन वाढतं. मोठ्या माणसाला सात ते नऊ तास झोप लागते. ती तुटली की राग लवकर येतो, छोटी गोष्ट डोंगराएवढी दिसते आणि निर्णय चुकतात. म्हणजे कर्ज तेवढंच असतं, पण चार तास झोपलेल्या माणसाला ते दुप्पट वाटतं. रात्री दोनला जे विचार येतात त्यावर म्हणूनच कोणताही निर्णय करू नये. विचार आला की स्वतःला सांगायचं, हे सकाळी नऊला बघू. ऐकायला साधं आहे, पण मला याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

आपल्या शरीरात एक घड्याळ असतं आणि ते सकाळच्या उजेडावर चालतं. रोज एकाच वेळी उठलं आणि उठल्यावर थोडा वेळ उघड्यावर, उजेडात थांबलं की रात्री झोपही वेळेवर येते. शेतकऱ्याला उजेडाची कमी नाही. आपली अडचण वेळेची आहे, कारण लाईटचं वेळापत्रक आपल्या हातात नाही. माझ्या मते रात्रीची लाईट हा जेवढा शेतीचा प्रश्न आहे तेवढाच आरोग्याचा आहे, पण निवेदन देताना हे कुणी लिहीत नाही. सौरपंप मिळालेल्यांना विचारा. पहिली गोष्ट ते सांगतात ती पाण्याची नाही, रात्रीच्या झोपेची.

ज्याला रात्रीच जावं लागतं त्यानं काय करावं? आम्ही तिघा शेजाऱ्यांनी पाळी लावली. एक रात्र एकानं तिघांच्या मोटरी बघायच्या, दोघांनी झोपायचं. बांधावरून जुनी कुरबुर होती, पण झोपेपुढं ती मिटली म्हणा ना. पहाटे आल्यावर खोलीत अंधार करून सलग झोपावं आणि घरच्यांनी तेवढी धार काढून घ्यावी. तेही जमत नसेल तर दुपारी जेवून वीस-तीस मिनिटं पडावं. दोन-दोन तास घोरत पडलं तर रात्रीची झोप आणखी मोडते.

अंथरुणात पडून झोप येईना तर कूस बदलत बसू नका. वीसेक मिनिटं वाट बघा, मग उठून ओसरीवर बसा, डोळे जड झाले की परत जा. मोबाईल मात्र हातात घेऊ नका. तुम्ही ही बातमीसुद्धा रात्री अकरानंतर वाचत असाल तर इथंच ठेवा, उद्या सकाळी वाचा. पोर्टलवाले माझ्यावर चिडतील, पण खरं तेच आहे. रील बघता बघता तास कुठं जातो कळत नाही. आणि भावकीच्या ग्रुपवर बाराला आलेला मेसेज वाचला की झोपेचं खोबरंच.

चहाचं पण सांगतो. दुपारी चार-पाचला घेतलेल्या चहातला अंश रात्री दहालाही अंगात निम्मा शिल्लक असतो. ज्याची झोप बिघडलीय त्यानं दुपारनंतरचा चहा बंद करून आठवडाभर बघावं.

दारूनं झोप येते हा गैरसमज आपल्या गावोगाव आहे. डोळा लागतो हे खरं, पण नशा उतरली की मध्यरात्रीनंतर झोप तुटते, आणि सकाळी मन आणखी खाली गेलेलं असतं. रोजची क्वार्टर घेणारा माणूस टेन्शनमुळं पितो असं म्हणतो. काही महिन्यांनी टेन्शनचं निम्मं कारण ती क्वार्टरच झालेली असते. रोज भरपूर पिणाऱ्यानं मात्र एकदम स्वतःच्या मनानं बंद करू नये. हातपाय कापणं, झटका येणं, भ्रम होणं असं होऊ शकतं. डॉक्टरांच्या सल्ल्यानं सोडावी. तंबाखूचं गणितही तसंच. मळून तोंडात टाकली की बरं वाटतं, ते टेन्शन गेलं म्हणून नव्हे, तलफ भागली म्हणून.

मन खाली गेलं की माणूस कामं टाकतो

उदास माणूस घराबाहेर पडत नाही, दाढी करत नाही, पारावर येत नाही. कामं पडून राहतात, ती बघून आणखी उदास होतो. विहिरीत दोर सुटावा तसं. यातून बाहेर यायला मन चांगलं व्हायची वाट बघायची नसते. आधी छोटं काम करायचं, मन मागून येतं. डॉक्टरही हीच पद्धत सांगतात. काम अगदी छोटं धरा. गोठा झाडणे. पाईपाची गळती बांधणे. माझं पहिलं काम होतं औताचा तुटलेला दांडा बसवणं, महिनाभर पडून होता.

तुम्ही म्हणाल, आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कशाला व्यायाम? शरीराला नसेलही लागत. पण डोक्यात हिशोब चालू ठेवून केलेलं काम आणि मोकळ्या डोक्यानं केलेली पंधरा मिनिटांची चाल यात फरक पडतो. आमच्या गावात संध्याकाळी मारुतीच्या देवळात हरिपाठ होतो. श्रद्धा ज्याची त्याची. पण बघा, हरिपाठ म्हणताना श्वास लांब सोडावा लागतो, आणि हळू, लांब श्वास सोडला की छातीची धडधड कमी होते. शिवाय चार माणसं सोबत बसलेली असतात. ज्याला देवळात जायचं नाही त्यानं घरी बसून करावं. चार मोजेपर्यंत नाकानं श्वास घ्यायचा, सहा मोजेपर्यंत सावकाश सोडायचा, पाच मिनिटं. जीव घाबरा होतो तेव्हा हे लगेच उपयोगी पडतं.

बायांचं वेगळं लिहायला पाहिजे. पहाटे चारला उठून स्वयंपाक, मग खुरपणीला, संध्याकाळी परत चूल. त्यांची झोप तर आपण मोजतच नाही. बाई "डोकं दुखतंय, अंगात कणकण आहे, छातीत भरून येतंय" असं वर्षानुवर्षं सांगते आणि आपण मेडिकलातून गोळी आणून देतो. मनाचं दुखणं पुष्कळदा असं शरीराच्या भाषेत बोलतं. उलटही असतं. रक्त कमी असणं, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता यानंही थकवा आणि उदासी येते. त्यामुळं आधी रक्त तपासून घ्यावं. नळ घरात आले ते चांगलंच झालं, पण पाणवठ्यावरचं बोलणं संपलं. बचत गटाच्या बैठकीत हप्ता झाल्यावर अर्धा तास नुसतं बोलायला ठेवला तरी पुष्कळ आहे.

कर्जाचं एक करून बघा. सगळी देणी एका कागदावर लिहा. कुणाचं, किती, कधीपर्यंत. डोक्यात ती देणी रात्रभर गोल फिरत राहतात, आकडा कळतच नाही. कागदावर आल्यावर माझी सात देणी निघाली. त्यातली दोन वर्षभर थांबू शकणारी होती आणि एकाला फक्त फोन करून सांगायचं होतं. पैसा एक रुपया वाढला नाही, पण त्या रात्री पाच तास सलग झोपलो. कागद घरच्या मंडळींसमोर लिहिला, हे महत्त्वाचं. आपल्याकडं गडी माणूस कर्ज बायकोपासून लपवतो आणि एकटाच कुढत बसतो.

शेजारचा माणूस गप्प झाला तर

नेहमी बोलणारा माणूस अचानक गप्प होतो, "आता काय राहिलंय" असं बोलायला लागतो, जवळच्या वस्तू वाटून टाकतो, निरवानिरवीची भाषा करतो. हे दिसलं तर थांबून विचारा. "लोकांचं बघ, त्यांच्यावर किती मोठं संकट आलं" हे वाक्य टाळा. त्यानं कुणाला धीर येत नाही, उलट आपण कमजोर आहोत असं त्याला वाटतं. सल्ला नंतर, आधी ऐका. आणि सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार घुसतो ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. "हो" म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. लगेच १४४१६ ला फोन लावा, किंवा घरच्यांना सोबत घेऊन दवाखान्यात न्या.

फवारणीच्या औषधाबद्दल कळकळीनं सांगतो. ते घरात, गोठ्याच्या वळचणीला, पलंगाखाली ठेवू नका. कुलपाच्या पेटीत ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडं द्या. शक्यतो लागेल तेवढंच आणा. वाईट विचाराची लाट बहुतेक वेळा थोडा वेळ टिकते. त्या वेळात हाताशी विष नसलं तर माणूस वाचतो. श्रीलंकेनं जास्त विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली, त्यानंतर तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात कमी झाल्या. शेती तिथंही चालूच आहे.

पोलीस केस होईल म्हणून लोक दवाखान्यात जायला घाबरतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावात होता असंच धरलं जातं आणि त्याच्या उपचाराची, पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. त्यामुळं लपवाछपवीत वेळ घालवू नका, आधी दवाखाना.

दवाखाना कधी, कुठं

दोन आठवडे झाले तरी झोप, भूक, कामातलं लक्ष परत येत नसेल तर घरचे उपाय पुरे झाले असं समजा. जीव द्यायचा विचार आला असेल, कानात आवाज येत असतील, विनाकारण संशय वाढला असेल तर दोन आठवडेही थांबायचं नाही. फोनवरून बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला केंद्र शासनानं ही सेवा सुरू केली. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मी स्वतः लावून बघितला. बाईंनी पंधरा-वीस मिनिटं ऐकून घेतलं, मधे एकदाही घाई केली नाही.

जिल्हा रुग्णालयात मानसिक आजाराची ओपीडी असते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन गेलात तर सोपं जातं. ठरावीक वारीच डॉक्टर बसत असतील, तर आदल्या दिवशी आशाताईंना विचारून निघा, नाहीतर एसटीचा खर्च वाया. "येड्याचा डॉक्टर" असं म्हणणारे म्हणू द्या. मी ओपीडीच्या रांगेत बसलो तेव्हा समोर एक मास्तर होते आणि एक माजी सरपंच.

गोळ्या दिल्या तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. उदासीच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आठ दिवसांत सोडून देऊ नका. आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात. या गोळ्यांची दारूसारखी सवय लागत नाही. सवय लागते ती झोपेच्या काही गोळ्यांची, ज्या लोक मेडिकलातून ओळखीनं आणतात. त्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

जाताना जुने कागद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि घरातलं एक माणूस सोबत न्या. डॉक्टर झोपेचं विचारतात तेव्हा आपण "लागते की" म्हणून मोकळे होतो. माझ्या वेळी शेजारून आवाज आला, "नाही हो साहेब, रात्री दोनला उठून बसतेत."

(टेलिमानस : १४४१६, आरोग्य सल्ला : १०४)