कान्हाचा पोशाख घरी शिवताना : झगमगाटाआधी विचार ज्योतीचा

तेलीबाग (लखनौ) : जन्माष्टमी जवळ आली की लखनौच्या दक्षिणेस, रायबरेली मार्गावरील तेलीबागसारख्या वसाहतींत घरोघरी एकच लगबग सुरू होते. शाळेत किंवा मोहल्ल्यातील झाँकीत लेकराला कान्हा अथवा राधा म्हणून उभे करावयाचे असते. उत्तरेच्या पंचांगात ही तिथी भाद्रपदात येते, महाराष्ट्राच्या पंचांगात श्रावण वद्य अष्टमीस. दिवस मात्र एकच. बहुतेक वर्षी 15 ऑगस्टही याच सुमारास असतो. त्यामुळे मोरमुकुटाच्या जोडीला झाशीची राणी लक्ष्मीबाई आणि 1857 मध्ये लखनौचा लढा पुढे नेणाऱ्या बेगम हजरत महल यांच्या वेशांचीही तयारी चालते. महाराष्ट्रात हेच चित्र आषाढी एकादशीच्या बालदिंडीत आणि शिवजयंतीला दिसते.

बाजारात तयार पोशाख मुबलक मिळतात. तरीही जुन्या साडीचा पदर, उरलेले अस्तर आणि आजीचे शिवणयंत्र यांच्या आधारे वेश घरीच उभा करणारी कुटुंबे कमी नाहीत. त्यात पैशाची बचत आहे, हौस आहे. त्याहून महत्त्वाची एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. घरी शिवणाऱ्याच्या हाती कापडाची निवड असते, आणि दिव्यांच्या सणात ही निवड मुलाच्या अंगाशी थेट निगडित असते.

भारतात खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, 2020 हा 1 जानेवारी 2021 पासून लागू झाला. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी आयएस 9873 ही मानकमालिका त्यामुळे बंधनकारक ठरली. तिच्या ज्वलनशीलतेविषयीच्या भागात खेळातील वेशभूषेच्या कपड्यांचाही विचार केलेला आहे. घरच्या यंत्रावर शिवलेला अंगरखा मात्र कोणत्याही प्रयोगशाळेतून जात नाही. तेथे शिवणारी व्यक्तीच निरीक्षक असते.

ही भीती काल्पनिक नाही. ब्रिटनमध्ये 2014 च्या हॅलोविनला दूरचित्रवाणी निवेदिका क्लॉडिया विंकलमन यांच्या लहान मुलीचा वेश मेणबत्तीच्या ज्योतीला लागून पेटला आणि ती गंभीर भाजली. त्यानंतर खेळण्यांच्या वर्गात मोडणाऱ्या अशा कपड्यांच्या कसोट्या पुरेशा आहेत का, यावर तेथे मोठी चर्चा झाली. आपल्याकडे निमित्त वेगळे, धोका तोच. पाळण्यापुढील समई, आरतीचे तबक, उदबत्ती, आणि त्यांच्यामध्ये पंख्याच्या वाऱ्यावर उडणारी ओढणी.

पॉलिस्टर आणि नायलॉन तापताच वितळतात, आणि वितळलेला थेंब त्वचेला चिकटून खोल भाजतो. सुती कापड वितळत नाही, पण पेटते. पातळ मलमल तर क्षणात पेट घेते. म्हणजे ‘सुती तेवढे सुरक्षित’ हा समज अपुरा आहे. कापडाचे वजन, विणीची घट्टता आणि सैलपणा यांवर बरेच अवलंबून असते. नेट, ऑर्गंझा, झालरी यांच्यात हवा खेळती राहते, त्यामुळे आग झपाट्याने पसरते. अंगाबरोबर बसणारे घट्ट विणीचे कापड तुलनेने सावकाश जळते. कान्हाच्या धोतरासाठी पिवळे पॉपलिन किंवा जाडसर खादी घ्यावी, आणि चमक हवीच असेल तर ती काठापुरती, हा मार्ग शहाणपणाचा. पायघोळ घेर आणि लोंबती बाही टाळलेली बरी.

दुकानदाराने ‘सुती’ म्हणून दिलेले कापड खरोखर तसे आहे का, हे घरी पडताळता येते. कडेचे दोन-तीन धागे काढून चिमट्यात धरावेत आणि धातूच्या वाटीवर पेटवून पाहावेत. हे काम मोठ्यांचे. मुले दूर असावीत. जळक्या कागदाचा वास आणि मऊ राख म्हणजे सूत. धागा आक्रसून त्याचा कडक काळा मणी झाला तर ते पॉलिस्टर. जळक्या केसांचा वास आला तर रेशीम किंवा लोकर. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात, तेही टाळावे.

प्रत्यक्ष शिवणीत कापड आधी धुऊन वाळवून घ्यावे, कारण नवे सुती कापड आटते. मापे छाती, कंबर, खांदा ते कंबर आणि कंबर ते घोटा एवढीच पुरतात. नेसायचे धोतर चार वर्षांच्या मुलाच्या अंगावर टिकत नाही. म्हणून ते पायजम्यासारखे कापून पुढे निऱ्या टाचून शिवावे आणि कमरेला मापापेक्षा चार-पाच सेंटीमीटर कमी इलॅस्टिक घालावे. खालची कड घोट्याच्या वर राहील अशी ठेवावी. धोतरात पाय अडकून मूल पडू शकते.

शेला गळ्याशी गाठ मारून बांधू नये. सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांत डोके व मान यांच्या भागात बांधायच्या दोऱ्या नसाव्यात, असे युरोपातील ईएन 14682 हे मानक सांगते. खांद्यावर वेलक्रोचा छोटा तुकडा लावला की शेला कोठे अडकला तरी ओढताक्षणी सुटतो.

2008 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या चिकनकारीच्या या शहरात सजावटीच्या सामानाला तोटा नाही. अमीनाबादच्या बाजारात गोटा, लेस, जरीच्या पट्ट्या हव्या तशा मिळतात. जरदोजीची तार मात्र आतून टोचते. तिच्या मागे जुन्या धुतलेल्या सुती कापडाचे अस्तर हवेच. तीन वर्षांखालील मुलासाठी मणी आणि टिकल्या टाळून रंगीत दोऱ्याचे टाके घालावेत, कारण सुटा मणी थेट तोंडात जातो. मुकुट पुठ्ठ्याचा करावा. मोरपिसाच्या देठाचे टोक कापून त्यावर कापडी पट्टी गुंडाळावी. लुकलुकणाऱ्या दिव्यांचे तयार मुकुट घेऊ नयेत. त्यांत बहुधा बटणाएवढी बॅटरी असते आणि ती गिळली गेल्यास अन्ननलिकेला गंभीर इजा होते.

झाँकीत मुलाच्या आसपास विजेचे दिवे ठेवणे आणि आरतीच्या वेळी त्याला मागे उभे करणे, एवढे आयोजकांनाही करता येते. तरीही कपडा पेटलाच तर मुलाला धावू देऊ नये. त्याला आडवे करून लोळवावे किंवा जाड सुती चादरीत गुंडाळावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. चिकटलेले कापड ओढू नये, बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये, आणि उशीर न करता रुग्णालय गाठावे.

कापड कापताना बाजूच्या शिवणीत दोन सेंटीमीटर आणि खालच्या दुमडीत पाच सेंटीमीटर माया सोडली, तर तोच पोशाख पुढल्या जन्माष्टमीला उसवून वाढवता येतो. दुमडीची शिलाई त्यासाठी यंत्राने न मारता हाताने, लांब टाक्यांनी घालावी. सण झाला की धोतर धुऊन ठेवावे. जरीचा काठ घडी न घालता सुती फडक्यात गुंडाळावा.