मों ब्लांची प्रदक्षिणा : धावण्यापूर्वीचा हिशेब

फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांच्या हद्दींतून मों ब्लां पर्वतसमूहास वळसा घालणारी सुमारे १७० किलोमीटरांची पायवाट धावून पुरी करावयाची, तर केवळ अंतरावरून मुदत ठरविणे अयुक्त होय. कारण या मार्गावर एकंदर सुमारे १०,००० मीटरांची चढण आहे. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेल्या ठोकताळ्यानुसार दर ५ किलोमीटरांस एक तास आणि दर ६०० मीटर चढणीस आणखी एक तास धरल्यास चालणाऱ्याचा हिशेब ५० तासांवर जातो. धावणाऱ्याचा वेग अधिक असला, तरी चढणीचा हा भार वगळून त्याने मजल आखू नये. दुपारच्या वादळांपूर्वी उंच खिंडी ओलांडाव्यात आणि मुक्कामाची तजवीज आगाऊच करावी.