जुना नाद, बेताचा खर्च

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अमेरिकी मार्टिन गिटारींचा मोकळा, खोल नाद आजही वादकांना भुरळ घालतो. किंमत मात्र लाखांच्या घरात असते. त्या नादाचे मर्म अस्सल स्प्रूसच्या पातळ फलकात आणि त्याखालील कोरून हलक्या केलेल्या आधारपट्ट्यांत होते. जाड तारांचा ताण पेलावा म्हणून कंपनीने १९४४ मध्ये हे कोरणे थांबवले.

स्वस्तात तसा नाद शोधणाऱ्याने जुनाट रंगाला भुलू नये. तो कालचाही असतो! नादछिद्राची कड निरखावी. वरच्या रेषा कडेतून खाली उतरत असतील, तर लाकूड अस्सल. आडवे थर दिसले, तर प्लायवूड. पाठ प्लायवूडची एकवेळ चालते. वापरलेल्या गिटारची मान मात्र तपासावीच. तिचा कोन बिघडला असल्यास दुरुस्ती गिटारपेक्षा महाग पडू शकते.