हिरव्या गोळ्या आणि रक्तातले कोलेस्टेरॉल

भातशेती करणाऱ्या आमच्या वाचकांना निळे-हिरवे शेवाळ परके नाही. खाचरात सोडले की ते हवेतला नत्र धरून ठेवते व पिकाला देते. याच गोतावळ्यातले दुसरे एक शेवाळ, स्पिरुलिना, आता गोळ्या आणि भुकटीच्या रूपाने औषधांच्या दुकानात मिळते. ‘याने रक्तातली चरबी उतरते’ असे ऐकून तुमच्या घरीही कोणी त्याची डबी आणली असेल. ती उघडण्यापूर्वी चार गोष्टी समजून घ्या.

स्पिरुलिना खाणे नवे नाही. आफ्रिकेत चाड सरोवराच्या काठचे लोक ते पाण्यातून गाळून घेतात, उन्हात वाळवून त्याच्या वड्या करतात आणि कालवणात घालतात. आपल्याकडे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९७० च्या दशकापासून शेवाळ वाढविण्यावर काम झाले. वाळलेल्या भुकटीत निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. मात्र ती खायची चमचाभर, म्हणून वाटीभर डाळीची जागा ती घेऊ शकत नाही.

आता कोलेस्टेरॉलचे पाहू. हा मेणासारखा पदार्थ शरीराला लागतो आणि बराचसा आपले यकृतच तयार करते. रक्तात तो, विशेषतः त्यातला एलडीएल हा प्रकार, वाढला की रक्तवाहिन्यांच्या आत थर साचत जातो. त्यातून हृदयविकार किंवा पक्षाघात ओढवतो. वाईट गोष्ट अशी, की तो वाढला तरी काही दुखत-खुपत नाही. रक्त तपासल्यावरच कळते.

मग स्पिरुलिनाचा उपयोग होतो का? थोडासा होत असावा. जपानमध्ये १९८८ साली तीस पुरुषांना रोज सुमारे चार ग्रॅम स्पिरुलिना देऊन पाहिले, तेव्हा एलडीएल काहीसे उतरले. २०१६ साली निरनिराळ्या देशांतल्या सात चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, त्यांतही कोलेस्टेरॉल कमी झालेले दिसले. परंतु या चाचण्या लहान होत्या आणि थोड्याच काळाच्या होत्या. स्पिरुलिनाने हृदयविकाराचे झटके टळतात, असे कोणी दाखवून दिलेले नाही. डॉक्टर देतात त्या स्टॅटिन गोळ्यांनी ते टळतात, हे हजारो रुग्णांवर पारखलेले आहे. शिवाय अर्ध्या ग्रॅमची गोळी धरली, तर चार ग्रॅमसाठी रोज आठ गोळ्या लागतात. त्यांचा महिन्याचा खर्च मांडून पाहा.

खरा धोका येथेच आहे. हिरव्या गोळ्या सुरू केल्या म्हणून घरातले वडीलधारे डॉक्टरांची गोळी सोडून देतात. काही त्रास होत नाही, म्हणून बरे झालो असे वाटते. आत मात्र थर साचतच राहतो. तसे होऊ देऊ नका.

आणखी काही ध्यानात ठेवा. तळ्यातले किंवा खाचरातले शेवाळ घरी वाळवून कधीही खाऊ नका. काही जाती यकृताला विषारी असतात. विकत घेताना डबीवर अन्न परवान्याचा क्रमांक पाहा. रक्त पातळ होण्याचे औषध चालू असेल, संधिवातासारखा आजार असेल किंवा घरात गरोदर बाई असेल, तर डॉक्टरांना आधी विचारा. शाकाहारी मंडळींनी बी-१२ साठी त्यावर विसंबू नये. त्यातले बहुतेक बी-१२ माणसाच्या उपयोगी पडत नाही. दूध-दह्यातले पडते.

कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणारे पुष्कळसे तुमच्या घरातच आहे. मटकी, चवळी, हरभरा, गवार, जवसाची चटणी रोजच्या ताटात असू द्या. वनस्पती तूप टाळा आणि भजी-वडे सणापुरते ठेवा. तंबाखू व विडी सोडा. तालुक्याला जाल तेव्हा चाळिशी ओलांडलेल्यांचे रक्त तपासून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. त्यानंतरही हिरवी गोळी घ्यावीशी वाटली, तर तो कागद व डबी दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवा आणि मगच ठरवा.