दहा राग आणि एक मशीन

निफाडच्या वरातीत कीबोर्डवाला सूर ओढून वाजवतो ना, तेव्हा मला चरणजित सिंग आठवतात. मुंबईत हिंदी सिनेमासाठी वाजवणारे हे वादक. 1982 साली त्यांनी रोलँडच्या तीन मशीन घेऊन ललत, यमन असे दहा राग चक्क डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले, एकट्याने! त्यातलं टीबी-303 खरं तर गिटारवाल्याला बेसची साथ द्यायला बनवलेलं. पण त्यात एक सूर दुसऱ्यावर घसरत जातो, म्हणजे आपली मींडच की! एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, पण फारशी खपली नाही. 1987 मध्ये शिकागोच्या फ्यूचर ग्रुपचं ‘ॲसिड ट्रॅक्स’ आलं, त्याच मशीनवर. तुम्ही म्हणाल, ढापलं. मला नाही पटत. मशीनचा स्वभावच तसा. 2010 ला रेकॉर्ड पुन्हा निघाली, तेव्हा कुठे परदेशात सिंगांचं नाव झालं. 2015 मध्ये ते गेले.